संत तेरेजाने प्रार्थना सोडली तेव्हा



आपल्या धर्मग्रामात तेरेजा नावाच्या आया, आज्या आणि मुली किती असतील, हे एकदा मोजायला हवे. नाव ठेवताना कुणाच्या डोळ्यांसमोर कोलकात्याची मदर तेरेसा असते, तर कुणाच्या डोळ्यांसमोर हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेली लिझ्युची छोटी तेरेजा. मदर तेरेसांनी आपले नाव घेतले ते ह्या छोट्या तेरेजावरून. छोटी तेरेजा ज्या सुधारित कार्मेल संघात धर्मभगिनी झाली, तो संघ उभारला स्पेनमधील आविला शहराच्या मोठ्या तेरेजाने. १५ ऑक्टोबरला ख्रिस्तसभा तिचा सण पाळते. ख्रिस्तसभेने तिला प्रार्थनेची गुरू मानले आहे. म्हणूनच तिच्या आयुष्यातली एक गोष्ट आम्हांला मुद्दाम सांगाविशी वाटते. ह्या गुरूने एकदा प्रार्थना करणेच सोडून दिले होते, तेही मठात राहत असताना.

तेरेजाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी झाला. वडील डॉन अलोन्सो सांचेझ दे सेपेदा हे सरळमार्गी, पुस्तकांची आवड असलेले गृहस्थ. त्यांचे वडील, म्हणजे तेरेजाचे आजोबा, तोलेदोचे कापडव्यापारी. ते ज्यू वंशातून ख्रिस्ती झालेले होते आणि १४८५ साली धर्मन्यायालयाने त्यांना सर्वांदेखत प्रायश्चित्त करायला लावले होते. आई डोन्या बेआत्रिस ही अलोन्सो यांची दुसरी पत्नी. तिला शूरवीरांच्या कादंबऱ्या वाचायचा भारी नाद. नवऱ्याला ते आवडत नसे, म्हणून मायलेकी त्याच्या नकळत वाचत असत.

घरात भावंडांची गर्दी होती. त्यांतला रॉद्रिगो तेरेजाचा सर्वांत लाडका. सुमारे सात वर्षांची असताना तिने त्याला सोबत घेतले आणि दोघे घरातून पळाली. मूर लोकांच्या देशात जायचे, तिथे श्रद्धेसाठी मरण पत्करायचे आणि थेट स्वर्गात जायचे, असा बेत होता. आविलाच्या तटाबाहेर काकांनी त्यांना गाठले आणि घरी आणले. ही गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असेल. त्याच घरात एक चित्र होते, विहिरीपाशी बसलेला प्रभू येशू आणि पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री. त्या स्त्रीसारखे जिवंत पाणी आपल्यालाही मिळावे, अशी मागणी ती लहानपणापासून करीत असे. आम्हांला तर वाटते की पळून जाण्यापेक्षा ह्या चित्रानेच तिच्या आयुष्याला अधिक वळण दिले.

तेरेजा तेरा-चौदा वर्षांची असताना आई वारली. रडत रडत ती पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गेली आणि आता तूच माझी आई हो, अशी विनवणी तिने केली. पुढे तारुण्य आले. कपडे, अत्तरे, चुलत भावंडांच्या गप्पा ह्यांत ती रमली. वडिलांना काळजी वाटली आणि १५३१ मध्ये त्यांनी तिला ऑगस्टिनियन धर्मभगिनींच्या मठात शिकायला ठेवले. तिथे तिच्या मनात धर्मभगिनी होण्याचा विचार आला. वडील मात्र मुळीच तयार होईनात. आपण गेल्यावर काय ते कर, एवढेच त्यांचे म्हणणे. अखेर १५३५ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, एका पहाटे भावाला सोबत घेऊन ती घरातून निघाली आणि आविलाच्या एन्कार्नासियोन ह्या कार्मेलाईट मठात दाखल झाली. दोन वर्षांनी तिने व्रते घेतली.

आणि लगेच आजारपण आले. तब्येत इतकी ढासळली की वडिलांनी तिला बेसेदास गावच्या एका नावाजलेल्या वैदू बाईकडे न्यायचे ठरवले. वाटेत डॉन पेद्रो ह्या काकांचे घर होते. त्यांनी पुतणीच्या हातात फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे ओसुना ह्यांचे एक पुस्तक ठेवले. शब्दांवाचून, मनाच्या आत देवासोबत राहण्याची वाट त्यात दाखवली होती. आपण तिला मननप्रार्थना म्हणू. तेरेजाला हा मार्ग फार आवडला. पुढे कित्येक वर्षे तिला योग्य मार्गदर्शक मिळाला नाही, तेव्हा हे पुस्तकच तिचे गुरू झाले.

वैदू बाईच्या जालीम जुलाबांनी प्रकृती आणखीच बिघडली. १५३९ च्या ऑगस्टमध्ये, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, तेरेजा बेशुद्ध पडली आणि चार दिवस शुद्धीवर आलीच नाही. मठात तिच्यासाठी कबर खणून ठेवली गेली. वडिलांनी मात्र तिला पुरू दिले नाही. माझी मुलगी मेलेली नाही, हा त्यांचा एकच धोशा. शुद्धीवर आली तेव्हा तिच्या पापण्यांवर मेणबत्तीचे मेण सांडलेले होते. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे ती लुळी पडून होती. हातापायांवर रांगता येऊ लागले तेव्हाही तिने देवाचे आभार मानले. संत योसेफाच्या मध्यस्थीने आपण बरे झालो, अशी तिची श्रद्धा होती. संत योसेफाची भक्ती जगभर पसरली, त्यात तिचा मोठा वाटा आहे.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

आजारातून उठलेली तेरेजा बोलकी, हसरी, सर्वांना हवीहवीशी वाटणारी. एन्कार्नासियोन मठात दीडशेहून अधिक बाया राहत होत्या. मठ गरीब होता आणि नियम सैल होते. शहरातले प्रतिष्ठित लोक भेटीच्या खोलीत येऊन तासन्‌तास गप्पा मारीत, आणि त्यांना तेरेजाच हवी असे. त्या गप्पांत फार मोठे पाप होते असे नाही. पण मन तिथे गुंतले आणि प्रार्थनेला बसले की शरम वाटू लागली. दिवसभर लोकांच्या कौतुकात रमायचे आणि संध्याकाळी मित्र म्हणून प्रभूच्या समोर जायचे, हा आपला ढोंगीपणा आहे, असे तिला वाटू लागले. आपण इतक्या वाईट आहोत, तर इतरांसारख्या तोंडाने ठरलेल्या प्रार्थना म्हणाव्यात, तेवढेच आपल्याला शोभते, असा विचार करून तिने मननप्रार्थना बंद केली. एक-दोन आठवडे नव्हे, वर्षाहून अधिक काळ.

ह्याच काळात तिचे वडील मात्र प्रार्थनेत खूप पुढे गेले होते, आणि त्यांना ती गोडी तेरेजानेच लावली होती! तिने त्यांना पुस्तके दिली, रीत समजावून सांगितली आणि त्या वृद्ध माणसाने ती मनापासून आचरली. ते मठात लेकीला भेटायला येत ते आता प्रभूविषयी बोलण्यासाठी. आपण प्रार्थना सोडली आहे, हे त्यांच्यापासून लपवणे तेरेजाला जमेना. तिने सांगितले की सध्या मी मननप्रार्थना करीत नाही. कारण मात्र दिले आजारपणाचे. आजारपण खोटे नव्हते, पोटाचा त्रास तिला रोज होत असे. पण खरे कारण ते नव्हते, हे तिला ठाऊक होते. वडिलांनी लेकीवर विश्वास ठेवला. त्यांना तिची कणव आली. पुढे ते भेटीला येत, पण थोडाच वेळ बसत. आता इथे वेळ घालवण्यात अर्थ नाही, असे म्हणून उठून जात. त्यांना आपल्या प्रार्थनेकडे जायचे असे.

हा प्रसंग वाचताना आम्ही थबकलो. एखाद्याने रविवारची मिस्सा चुकवली, की आपल्याला वाटते तो आळशी झाला, श्रद्धा उडाली. पण घरोघरी समूह-प्रार्थनेला जाताना आम्हांला वेगळेच ऐकू येते. घरात भांडण झाले, दारू सुटत नाही, भावाशी जमिनीवरून बोलणे बंद आहे, अशा तोंडाने रोझरीला कसे बसायचे? आधी नीट होऊ, मग देवापुढे जाऊ. बोलणारा माणूस हे नम्रतेनेच बोलतो. तेरेजाची नम्रताही अशीच होती. वय वाढल्यावर मागे वळून पाहताना तिने ह्या काळाला आपल्या आयुष्यातला सर्वांत भयंकर मोह मानले, भेटीच्या खोलीतील गप्पांहूनही भयंकर. आजारी माणसाने बरे झाल्यावर डॉक्टरकडे जायचे ठरवावे, त्यातलाच हा प्रकार.

१५४३ च्या डिसेंबरात वडील मरणाला टेकले. तेरेजा स्वतः आजारी असूनही त्यांच्या सेवेला घरी गेली. त्यांचे पापनिवेदन ऐकायला फादर विसेन्ते बारोन हे डॉमिनिकन धर्मगुरू येत. वडील शांतपणे, श्रद्धामंत्र म्हणता म्हणता गेले. त्यानंतर तेरेजाने ह्याच फादरांपुढे आपले मन मोकळे केले. त्यांनी तिला दर पंधरा दिवसांनी ख्रिस्तप्रसाद घ्यायला सांगितले आणि प्रार्थना काही झाले तरी सोडू नकोस असे बजावले. तिने ती पुन्हा धरली. मरेपर्यंत सोडली नाही.

इथे कुणाला वाटेल की आता गोड अनुभव सुरू झाले असतील. तसे काही झाले नाही. सुरुवातीपासून धरले तर सुमारे अठरा वर्षे तिची प्रार्थना बहुतांशी कोरडीच गेली. त्या काळी वेळ मोजायला वाळूचे घड्याळ असे. प्रार्थनेच्या खोलीत बसलेली तेरेजा देवाचे चिंतन करण्यापेक्षा तास संपल्याची खूण कधी होते, ह्याकडेच कान लावून असे. कितीतरी वेळा तिथे जाण्यापेक्षा कुठलेही कठोर प्रायश्चित्त तिला परवडले असते. ती कल्पनाशक्तीने चित्र उभे करण्यात कच्ची होती. म्हणून हातात पुस्तक घेतल्यावाचून ती प्रार्थनेला बसत नसे. पुष्कळदा ते उघडावेही लागत नसे, नुसते जवळ असले की धीर येई. शेत, पाणी, फुले पाहिली तरी तिला मदत होत असे. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी ती गेथशेमनी बागेतील एकट्या येशूची आठवण करी. तिथे त्याला कुणी सोबती नव्हता, तेव्हा आपल्यासारखीलाही तो जवळ येऊ देईल, असे तिला वाटे. धर्मभगिनी होण्याच्याही आधीपासूनची ही तिची सवय. संतांच्या चरित्रांत आम्हांला असा कबुलीजबाब फारसा सापडत नाही. रोझरीच्या चौथ्या रहस्याला घड्याळाकडे पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याने मोठा आधार मिळतो!

१५५४ साली, तेरेजा ३९ वर्षांची असताना, मठात एका सणासाठी आणलेली मूर्ती प्रार्थनेच्या खोलीत ठेवलेली होती. जखमांनी भरलेला, रक्ताळलेला येशू. सहज आत गेलेली तेरेजा ती पाहून कोसळली. इतकी वर्षे आपण ह्या जखमांचे काय केले, ह्या विचाराने ती ढसाढसा रडली आणि आपल्याला बळ दिल्याशिवाय इथून उठणार नाही असे तिने प्रभूला सांगितले. त्याच सुमारास संत ऑगस्टिनचे आत्मनिवेदन तिच्या हाती आले. ते स्पॅनिश भाषेत त्याच वर्षी छापले गेले होते. पापातून परतलेला हा मोठा संत तिला आपला सख्खा वाटला. त्यानंतर तिच्या प्रार्थनेचे रूप पालटले.

पुढच्या काळातील दर्शने, समाधी, हृदयाला भिडलेला बाण ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही तिथे फार थांबत नाही. तीही थांबत नसे. उलट ती घाबरली होती, कारण तिच्या मार्गदर्शकांपैकी काहींना हे सैतानाचे काम वाटत होते. येशूसंघाचे संत फ्रान्सिस बोर्जिया आणि फ्रान्सिस्कन संत पेद्रो दे अल्कांतारा ह्यांनी तिला धीर दिला. १५५९ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयाने लोकभाषेतील प्रार्थनेची अनेक पुस्तके बंद केली. लॅटिन न येणाऱ्या तेरेजाला ह्याचे फार दुःख झाले. थोड्याच वर्षांत तिने स्वतःच साध्या स्पॅनिशमध्ये अशी पुस्तके लिहिली.

तोवर तिच्या मनाने एक गोष्ट पक्की केली होती. ज्या गर्दीने, ज्या गप्पांनी आपली प्रार्थना हिरावली ती नसलेला एक लहान मठ हवा. २४ ऑगस्ट १५६२ रोजी आविलात संत योसेफाच्या नावाने असा मठ सुरू झाला. पहिल्या दिवशी चार मुली होत्या. शहरात गदारोळ उठला. उत्पन्न नसलेला मठ नगराच्या गळ्यात पडेल म्हणून नगरसभेने खटला भरला. एन्कार्नासियोनच्या भगिनीही चिडल्या. पण मठ टिकला. सुरुवातीला तेराच भगिनींचा बेत होता. सूत कातून पोट भरायचे, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास शांत प्रार्थनेत बसायचे, आणि दिवसातून दोनदा एकत्र बसून मनमोकळे हसायचे-बोलायचे. आंबट चेहऱ्याच्या संतांपासून ती दूरच राहत असे.

मार्गदर्शकांच्या आज्ञेवरून तिने आपले आत्मचरित्र लिहिले. त्यात प्रार्थना समजावण्यासाठी एक बाग आहे. ती आम्हांला फार आवडते, कारण ती आपल्या वाडीतली वाटते. बागेला पाणी घालायचे चार मार्ग. पहिला, विहिरीतून पोहऱ्याने शेंदायचे. हात दुखतात आणि पाणी थोडे. कधी विहीरच कोरडी असते. दुसरा, रहाट. चाक फिरवायचे, कष्ट कमी आणि पाणी जास्त. तिसरा, पाटाचे पाणी आपणच येते, नुसते वळवायचे. आणि चौथा, पाऊस. माळ्याला काहीच करावे लागत नाही. ज्यांनी विहिरीवरचा बैलाचा रहाट पाहिला आहे, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना ह्याहून अधिक काय समजावायचे? पण पोहरा रिकामा वर आला तरी माळ्याने विहिरीवर जायचे सोडू नये, ह्यावर तेरेजाचा सारा भर आहे. बाग माळ्याची नाही, मालकाची आहे. माळी आला ह्यातच मालकाला आनंद आहे.

ज्यांना मनन जमत नाही त्यांचीही तिला काळजी होती. आपल्या भगिनींसाठी लिहिलेल्या परिपूर्णतेच्या मार्गावरील पुस्तकात तिने प्रभूची प्रार्थना शब्दाशब्दाने उलगडून दाखवली. तिच्या ओळखीची एक वयस्क धर्मभगिनी होती. तिला तोंडाने म्हणायच्या प्रार्थनेशिवाय काहीच येत नसे आणि त्याबद्दल ती खंत करी. तेरेजाने चौकशी केली तेव्हा कळले की ती प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणता देवाच्या इतकी जवळ पोचली होती की तेरेजाला तिचा हेवा वाटला. आपण कुणाशी बोलत आहोत आणि बोलणारे आपण कोण, एवढे ध्यानात ठेवले की तोंडाची प्रार्थनाही मनाची होते, असे तिचे मत होते.

१५६६ मध्ये फादर अलोन्सो माल्दोनादो हे फ्रान्सिस्कन मिशनरी अमेरिकेतून परतले होते. त्यांनी तिथल्या लोकांविषयी मठात सांगितले. तेरेजाचे बरेच भाऊ तिकडेच गेले होते. लहानपणी तिच्याबरोबर पळालेला रॉद्रिगोही गेला आणि तिथेच वारला. फादरांचे बोलणे ऐकून ती रडत बागेतील खोपीत गेली. बाई म्हणून आपल्याला तिकडे जाता येत नाही, मग आपण काय करू शकतो, हे तिने प्रभूला विचारले. पुढच्याच वर्षी, ५२ व्या वर्षी, तिचे प्रवास सुरू झाले. आच्छादलेल्या बैलगाड्या-खेचरगाड्या, चिखल, ढेकणांनी भरलेल्या धर्मशाळा, आणि अंगात ताप. मरेपर्यंत स्त्रियांचे एकूण १७ मठ तिने उभे केले. १५६७ मध्ये तिची भेट तरुण संत योहान ऑफ द क्रॉसशी झाली आणि पुरुषांच्या मठांनाही सुरुवात झाली. पैसे, वकील, खरेदीखते, बिशपांची परवानगी हे सगळे तीच पाही. ह्या धामधुमीत, १५७७ मध्ये, जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिने आत्म्याच्या सात दालनांच्या किल्ल्याचे पुस्तक लिहिले. त्या किल्ल्याचा दरवाजा म्हणजे प्रार्थना.

१५७५ मध्ये तिचा भाऊ लोरेन्सो अमेरिकेतून परतला. विधुर, मुले लहान, हाताशी बऱ्यापैकी पैसा. बहिणीच्या मार्गदर्शनाने तो प्रार्थनेला लागला. त्याने आविलाजवळ ला सेर्ना नावाची जमीन घेतली आणि मग त्याला पश्चात्ताप होऊ लागला, की शेतीच्या कटकटीत प्रार्थनेचा वेळ जातो. तेरेजाने पत्राने त्याची चांगली कानउघाडणी केली. मुलांसाठी मिळकत सांभाळणे हीसुद्धा देवाची सेवा आहे, वेळ मिळतो म्हणून प्रार्थना चांगली होते असे नाही, असा त्या पत्राचा आशय. शेती, नोकरी आणि लोकल गाडी सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींनी हे पत्र जरूर लक्षात ठेवावे.

१५८२ साली बुर्गोस येथील शेवटचा मठ स्थापून ती परतत होती. आविलाला, आपल्या पहिल्या मठात जायची तिची इच्छा होती. पण आल्बा दे तोर्मेसला बोलावणे आले आणि थकलेली तेरेजा आज्ञा पाळून तिकडे वळली. तिथे तिने अंथरूण धरले. ४ ऑक्टोबरच्या रात्री, हातात क्रूस घेऊन, सेवा करणाऱ्या आना दे सान बार्तोलोमे ह्या भगिनीच्या कुशीत डोके ठेवून तिने प्राण सोडला. त्याच रात्री जुने कॅलेंडर संपून पोप ग्रेगरी ह्यांचे नवे कॅलेंडर लागू झाले आणि दुसरा दिवस उजाडला तो १५ ऑक्टोबरचा.

१२ मार्च १६२२ रोजी तिला संतपद मिळाले. त्याच सोहळ्यात जुन्या गोव्यात ज्याचे शरीर आहे तो आपला संत फ्रान्सिस झेवियर आणि संत इग्नेशिअस ह्यांनाही संत घोषित केले गेले. २७ सप्टेंबर १९७० रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या हा किताब दिला. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

तिच्या आत्मचरित्राची प्रत ती मेली तेव्हा धर्मन्यायालयाच्या ताब्यात होती. १५८८ मध्ये ते छापले गेले. १९२१ च्या उन्हाळ्यात एडिथ स्टाईन ह्या ज्यू तत्त्वज्ञ स्त्रीने एका मैत्रिणीच्या घरी ते हाती घेतले आणि वाचून संपवले. पुढच्या वर्षी १ जानेवारीला तिने बाप्तिस्मा घेतला आणि कालांतराने ती कार्मेलाईट धर्मभगिनी झाली. त्या पुस्तकात दर्शने आहेत, बाग आहे, आणि वडिलांना सांगितलेली आजारपणाची ती सबबही तेरेजाने न लपवता लिहून ठेवली आहे.